गावठाणाची हद्द आणि काकांचं घर : एक प्रकरण

पैनगंगेच्या अलीकडच्या एका तालुक्यात मी घरांचे नकाशे, जागेची मोजमापं आणि परवानगीची कागदपत्रं करून देतो. हे प्रकरण २०२२ मधलं आहे. गाव, माणसं आणि कार्यालयं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. नियम त्या वर्षी जसे होते तसे सांगतो आहे. आज असंच काम हातात घेणाऱ्यानं नंतरचे बदल पाहूनच पुढे जावं.

जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी आटोपत आली होती, तेव्हा काकांचा फोन आला. "इंजिनिअर साहेब, घर बांधाचं हाय. नकाशा काढून द्या अन् बँकेचं पाहा जी." काका पंचावन्नच्या पुढचे, सात एकर कोरडवाहू, मुलगा पुण्यात नोकरीला. जुनं घर कुडाचं, वर टिनं, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे मोकळं आवार आणि आवाराच्या टोकाला कडुनिंब. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरायची आणि दर उन्हाळ्यात तिला नवी भेग पडायची. घर खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर एक-दीड खोली एवढंच हवं होतं. पैसे थोडे हातचे, थोडे बँकेचे.

मी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा घेतला. त्यावर जागा ३९ × ५९ फूट, म्हणजे २३०१ चौरस फूट. टेपनं मोजली तेव्हा १२ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल, २१६ चौरस मीटर भरली. नोंद आणि जागा जुळतात म्हणून मी निर्धास्त झालो आणि पूर्ण जागेवर नकाशा काढला. घर जरा मागे घेतलं, पुढे मोटारसायकल आणि बैलगाडी उभी राहील एवढं अंगण ठेवलं. काकूंना नकाशा आवडला.

ही चूक माझी होती, आणि या सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा. घरपट्टी कोणाकडून किती घ्यायची, एवढंच तो सांगतो. जागेचा मालक कोण आणि ती गावठाणात, म्हणजे गावाच्या मूळ वस्तीच्या हद्दीत, किती, हे त्यावरून ठरत नाही. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण वीस गावांत वीस वेळा त्याच उताऱ्यावर काम निभावलं की माणूस त्यालाच पुरावा धरून चालतो.

बँकेच्या मूल्यांकनकारानं जागेवर उभं राहून एकच प्रश्न विचारला : "मागचा कडुनिंब कोणाच्या सातबाऱ्यात आहे?" काका सहज म्हणाले, "आमच्याच. माझ्या अन् भावाच्या." जागेचा मागचा भाग गावठाणाला लागून असलेल्या गट नंबरातला होता. वडिलांच्या काळात मधला धुरा, म्हणजे बांध, मोडला, आवार वाढलं आणि ग्रामपंचायतीनं कर लावताना सगळंच एका चौकोनात घेतलं. इतकी वर्षं कोणाला काही अडचण आली नाही. आता कर्जाची फाइल थांबली.

कोणाला विचारायचं?

फेब्रुवारीचा पूर्ण महिना मी विचारत फिरलो. ग्रामसेवक म्हणाले, गावठाणात असेल तर आम्ही देऊ, बाहेर असेल तर तहसील. तहसीलमध्ये सांगितलं, बांधकामाचं असेल तर नगररचना. नगररचनेच्या जिल्हा कार्यालयात एका सहायकानं फार आपुलकीनं बसवून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचं गावठाणातलं दिसतं, ग्रामपंचायतच देईल." तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर होती, कारण मी तिघांना तीन वेगळे प्रश्न विचारले होते. जागा नेमकी कुठे आहे, हे माझं मलाच सांगता येत नव्हतं.

पार्श्वभूमी थोडी सांगावी लागेल. २ डिसेंबर २०२० रोजी राज्यानं एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. आपण सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतो. मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडली तर बहुतेक नगरपरिषदा, महापालिका आणि प्रादेशिक योजनांची क्षेत्रं तिच्याखाली आली. आमच्या गावाला प्रादेशिक योजना लागू आहे, त्यामुळे नियमावलीही लागू. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास खात्यानं जाहीर केलं की ग्रामीण भागात ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटरच्या भूखंडावरच्या बांधकामाला नगररचनेची परवानगी लागणार नाही. १६०० फुटांपर्यंत मालकीची कागदं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की पुरे. १६०० ते ३२०० असेल तर ग्रामपंचायतीनं दहा दिवसांत शुल्क कळवायचं आणि ते भरल्यावर दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र द्यायचं.

गावात ही बातमी "आता परवानगी लागत नाही" एवढ्याच शब्दांत पोचली. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हेच वाक्य घेऊन येतात. प्रत्यक्षात नियम एकही कमी झालेला नाही. रस्त्यापासूनचं अंतर, चटई क्षेत्र (जागेच्या किती पट बांधता येतं ते), उंची, सगळं तसंच आहे. फरक इतकाच की पूर्वी कार्यालयातला माणूस नकाशा तपासून सही करायचा, आता दाखल्यावर माझी सही असते. मालकी, हद्द किंवा मापं चुकली तर त्या सहीचा जाब मला द्यावा लागतो. म्हणून या सवलतीच्या काळात आम्हा नकाशा करणाऱ्यांना मार्गदर्शनाची गरज जास्त आहे, आणि ते मिळण्याची सोय मात्र फारशी नाही.

काकांच्या बाबतीत प्रश्न असा उभा राहिला : भूखंड २१६ चौरस मीटरचा धरायचा की गावठाणातल्या भागापुरता? पहिलं धरलं तर तो १६०० फुटांपुढच्या टप्प्यात जातो आणि मागच्या शेतजमिनीचा अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज वापराचा, प्रश्न सोबत येतो. दुसरं धरलं तर टप्पा बदलू शकतो, पण घराला मागे सरकायला जागा उरत नाही.

पहिलं पत्र मी असं लिहिलं : "विषय : मौजे अमुक येथील बांधकाम परवानगीबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत." खाली दीड पान हकिकत. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली. महिना गेला. चौकशी केली तेव्हा कळलं की पत्र "वरिष्ठांकडे मार्गदर्शनासाठी" पाठवलं आहे. शासकीय भाषेत मार्गदर्शन हा शब्द किती जड आहे, हे त्या दिवशी मला कळलं. माझ्या पत्रात तो शब्द होता, म्हणून खालच्या टेबलानं आपण उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं आणि फाइल वर गेली. वरच्या टेबलालाही दीड पानातून प्रश्न सापडला नसावा.

त्याच सुमारास गावातल्या एका जाणत्या माणसानं सल्ला दिला, "साठ दिवस थांबा, उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजा." महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये साठ दिवसांची तरतूद आहे खरी. पण ती रीतसर अर्जाला आहे, आणि नकाशा नियमांत तंतोतंत बसत असेल तरच ती उपयोगी पडते. मार्गदर्शन मागणाऱ्या पत्राला ती लागू नाही. या ऐकीव साठ दिवसांवर घर चढवलेली दोन कुटुंबं मला ठाऊक आहेत, आणि दोघांच्याही दारावर पुढे नोटीस लागली.

मार्चअखेर काकूंनी मला सपरीत थांबवलं. "साहेब, आमी घर बांधाचं का नाई, तेवढं सांगा जी. टिनं काढाची का ठेवाची? पाऊस तं येईन." त्या चिडून बोलत नव्हत्या. त्यांना जूनच्या आत ठरवायचं होतं. मी घरी आलो आणि आधी काय करायचं हे नव्यानं ठरवलं.

मोजणी

पहिलं काम हद्द. भूमी अभिलेखात काका आणि भाऊ दोघांच्या सहीनं गट नंबरच्या मोजणीचा अर्ज केला. भाऊ परतवाड्याला राहतो, त्याची सही आणायला काका स्वतः एसटीनं जाऊन आले. गावठाणाचा जुना नकाशा आणि २०२१ च्या त्या निर्णयाची प्रत मी माहिती अधिकारात मागितली, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. माहिती अधिकारात कार्यालयाचं मत मागता येत नाही, पण कार्यालयात असलेला कागद मागता येतो. तीस दिवसांच्या आत दोन्ही कागद साक्षांकित होऊन हाती आले. ग्रामसेवकांकडे तो निर्णय नव्हता. मी त्यांना एक प्रत दिली, त्यांनी ती फाइलला लावली, आणि पुढचं त्यांचं सहकार्य मनापासूनचं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भूकरमापक आले. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, तिघं हजर राहिले. सकाळी साडेसातलाच काम सुरू केलं, कारण दहानंतर यंत्राच्या भिंगातून समोरचा दांडा थरथरताना दिसतो. त्यांनी आधी गटाची दोन जुनी दगडी चिन्हं शोधली. एक विहिरीजवळ मिळालं, दुसरं उकिरड्याखाली गेलं होतं. तिघांनी फावड्यानं उकरून काढलं. मग गावठाणाची रेषा आवारात उतरली. चुन्याची फक्की घेऊन त्यांचा माणूस चालत गेला आणि पांढरी रेघ जुन्या न्हाणीच्या कोपऱ्यातून निघून आवारात तिरपी गेली.

रेघ गल्लीला समांतर नव्हती. एका बाजूला गल्लीपासून १०.४ मीटर, दुसऱ्या बाजूला ९.६. सरासरी १० धरली तर गावठाणातला भाग १२० चौरस मीटर, आणि कडुनिंबाकडचा उरलेला ९६ चौरस मीटर गटातला. माझ्या पहिल्या नकाशात स्वयंपाकघर पूर्ण आणि जिना अर्धा त्या रेघेपलीकडे होता. काका बराच वेळ रेघेकडे पाहत उभे राहिले, मग म्हणाले, "बाबानं धुरा मोडला तवा मी दहा वर्साचा होतो. इथंच होता."

पंधरा दिवसांत क-प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, मिळाली. तिच्यावर मी मागचा पट्टा पिवळा रंगवला, पुढचा तसाच ठेवला आणि दुसरं पत्र लिहिलं. त्यात हकिकत नव्हती, "मार्गदर्शन" हा शब्दही नव्हता. दोनच प्रश्न होते. "सोबतच्या क-प्रतीत न रंगविलेला १२० चौ.मी. भाग गावठाण हद्दीत आहे. फक्त या भागात निवासी बांधकाम केल्यास ग्रामपंचायत स्तरावरील कार्यपद्धती त्या भागापुरती लागू होईल काय? पिवळा ९६ चौ.मी. भाग गावठाण हद्दीपासून २०० मीटरच्या आत आहे. त्यावर पुढे निवासी वापर करावयाचा झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा काय?" प्रत ग्रामपंचायतीला, तहसीलला आणि नगररचनेला. प्रत्येक प्रतीसोबत रंगीत नकाशा.

कलम ४२-ड तेव्हा याच परिस्थितीसाठी होतं. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन प्रादेशिक योजनेत निवासी वापराला दिलेली असेल तर ती त्या वापरासाठी रूपांतरित झाली असं मानलं जायचं. रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची आणि तहसीलदारांकडून सनद, म्हणजे वापर बदलल्याचा अधिकृत कागद, घ्यायची. गटाचा भोगवटा वर्ग १, म्हणजे सरकारी बंधन नसलेल्या मालकीचा, असल्यानं नजराण्याचा, म्हणजे सरकारला द्यायच्या रकमेचा, प्रश्न इथं नव्हता. आमच्या भागात गावाला लागून ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गुरचरणाच्या जमिनी बऱ्याच आहेत. आवार तिकडे वाढलेलं असतं तर हा मार्गच मिळाला नसता, सरळ अतिक्रमण ठरलं असतं. म्हणून अशा प्रत्येक कामात मागची जमीन कोणत्या वर्गाची, हे मी आता पहिल्या भेटीतच सातबाऱ्यावर पाहतो.

उत्तर बाविसाव्या दिवशी आलं. चार ओळींचं. पहिल्या प्रश्नाला होय, गावठाण हद्दीतील भागापुरतं. दुसऱ्याला होय, सर्व सहधारकांच्या संमतीसह अर्ज करावा. त्यावर सही, शिक्का, जावक क्रमांक होता. पाच महिने जे तोंडी कोणी ठामपणे सांगू शकलं नाही, ते चार ओळींत लिहून मिळालं.

नवा नकाशा

आता १२० चौरस मीटरात घर बसवायचं होतं. १२० चौरस मीटर म्हणजे सुमारे १२९२ चौरस फूट, १६०० च्या आत. दाट वस्तीच्या नियमांत चटई क्षेत्र १.५, म्हणजे १८० चौरस मीटरपर्यंत बांधता येतं. अडचण समोरच्या गल्लीची होती. ती ३.६ मीटरच रुंद. साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्लीच्या मध्यापासून २.२५ मीटर सोडावे लागतात. गल्लीचा अर्धा भाग १.८ मीटर, म्हणजे काकांच्या हद्दीतून आणखी ४५ सेंटिमीटर सोडायचे. ती पट्टी क्षेत्रातून वजा धरली तरी ११४.६ चौरस मीटर उरतं आणि बांधकामाची मर्यादा १७१.९ येते. मी घर ९ मीटर × ८.४ मीटर ठेवलं. तळमजला ७५.६, वर ६ मीटर × ८.४ म्हणजे ५०.४, एकूण १२६. मागची भिंत गावठाणाच्या रेषेपासून अरुंद बाजूला पाऊण मीटर आत येते.

पाऊण मीटर कशाला सोडला, मागची जमीन तर आपलीच, असं काकांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. पण ती जमीन दोघा भावांची, आणि वापर अजून शेतीचा. पाया रुंद होतो, पायऱ्या येतात, सज्जा येतो. जोत्याचा एक दगड जरी रेघेपलीकडे गेला तर चार ओळींचं ते उत्तर मलाच लागू राहणार नव्हतं.

खरं म्हणजे १६०० फुटांच्या आतल्या जागेला मालकीची कागदं आणि दाखला देऊन थांबता आलं असतं. मी तरी ग्रामपंचायतीकडून लेखी पोच आणि सरपंच-सचिवांच्या सहीचा नकाशा मागून घेतला. बँकेला कागद लागतो, आणि उद्या गल्ली रुंद करायची वेळ आली तर ते ४५ सेंटिमीटर आपण सोडले होते, हे दाखवायला काहीतरी हाती असावं. खर्चाचा अंदाज दहा लाखांच्या आत आणि घर स्वतःच्या राहण्याचं असल्यानं एक टक्का कामगार कल्याण उपकर लागला नाही.

पायाचं मात्र कोणत्याच कार्यालयानं विचारलं नाही, आणि माझ्या मते या घराला सगळ्यात मोठा धोका तिथंच होता. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगा पडतात. कुडाच्या भिंतीला दरवर्षी पडणारी भेग तीच होती. मी कडुनिंबाच्या अलीकडे दोन मीटर खड्डा घेतला. १.७ मीटरपर्यंत काळी, खाली पिवळा मुरूम. वरच्या थरातली माती वाळवून, कुटून, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढली. दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या मोजनळ्यांत घेतली, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलात माती फुगत नाही, म्हणून तुलनेला ते. चोवीस तासांनी रॉकेलातला थर १२ मिलिलिटरवर होता, पाण्यातला २१ वर. म्हणजे फुगवटा ७५ टक्के. भारतीय मानकाप्रमाणे ५० च्या आत काळजीचं कारण नाही, १०० च्या वर गंभीर. आपण मधे होतो.

दोन्ही नळ्या मी काकांच्या सपरीत नेऊन ठेवल्या. काकूंनी त्या हातात घेऊन पाहिल्या आणि काकांना म्हणाल्या, "पाहा, म्हून भित फाटते." त्यानंतर पाया मुरमापर्यंत नेण्याचा, चहूबाजूंनी जोत्याची तुळई बांधण्याचा आणि घराभोवती पाणी न मुरू देणाऱ्या फरशीच्या पट्टीचा जादा खर्च मला पटवून द्यावा लागला नाही. खोल्यांत भरावाला काळी माती टाकायची नाही, मुरूमच आणायचा, हे मिस्त्रीला काकू स्वतः सांगत होत्या.

पावसाळा मधे गेला. टिनं त्या वर्षी तशीच राहिली, फक्त मागच्या भिंतीला ताडपत्री लावली. दसऱ्याला पूजा करून खोदाई सुरू झाली. आखणीच्या दिवशी मी भूकरमापकाच्या खुणांवर दोरी ताणली आणि तिला लाल कापडाची चिंधी बांधून ठेवली. पाया भरेपर्यंत ती दोरी काढायची नाही, असं मिस्त्रीला बजावलं होतं. एकदा सेंट्रिंगवाल्यानं फळ्या ठेवायला ती सोडली. काकांनी त्याला थांबवून स्वतः पुन्हा बांधली. बँकेचा पहिला हप्ता जोता झाल्यावर आला. मूल्यांकनकार तेच होते. त्यांनी क-प्रत उलगडली, टेप धरला आणि मागच्या भिंतीपासून चिंधीपर्यंतचं अंतर स्वतः मोजलं. त्र्याहत्तर सेंटिमीटर भरलं.

मे २०२३ मध्ये काका-काकू नव्या घरात राहायला गेले. मागच्या पट्ट्याचं ४२-ड चं प्रकरण भावाच्या संमतीसाठी थांबलं होतं. दिवाळीत भाऊ परतवाड्याहून आला, नव्या घराच्या मागच्या खिडकीतून त्यानं कडुनिंब पाहिला आणि संमतीपत्रावर सही केली. अर्ज दुसऱ्याच आठवड्यात तहसीलला दिला, सोबत तोच पिवळा रंगवलेला नकाशा.